अडकलेले १८९ रुपये: रिफंडच्या मागे लागायचं की सोडायचं, हे आधी कसं ठरवायचं

दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन कुकरची रिंग मागवली, पाच लिटरच्या कुकरची, १८९ रुपये, आणि आली तीन लिटरची. पुढचे अकरा दिवस त्या १८९ रुपयांसाठी मी जे काही केलं ते सांगायलाही आता लाज वाटते. कस्टमर केअरला चार फोन, चॅटवर दोनदा तीच रामकहाणी पहिल्यापासून, पिकअपवाला येणार म्हणून एक हाफ डे टाकला आणि तो आलाच नाही. सगळं मिळून सव्वातीन तास गेले, हाफ डे वेगळा. शेवटी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून १२० रुपयांना रिंग आणली, त्या माणसाने जुनी रिंग नुसती हातात धरून बघितली आणि फळीवरून बरोबर तीच काढून दिली.

रिफंड मागितला हे माझं चुकलं नाही, क्रम चुकला. आधी चिडले, मग फोन लावला, मग पुरावे शोधत बसले आणि हिशोब केला सगळ्यात शेवटी. आजूबाजूला बघते तर बहुतेक जण असंच उलट्या क्रमाने करतात, आणि जे करत नाहीत ते 'जाऊ दे ना, कोण मागे लागणार' म्हणून बसल्या जागी मिळणारे पैसेपण सोडून देतात. म्हणून खालचा क्रम आहे तसाच धरा. पहिल्या पाच पायऱ्यांना मिळून अर्धा-पाऊण तास लागतो आणि बऱ्याच प्रकरणांत तिथेच निकाल लागतो.

१. नक्की किती अडकलेत ते कागदावर लिहा

ऑर्डरच्या स्क्रीनवरचा आकडा घेऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयमधून प्रत्यक्ष गेलेला आकडा घ्या. दोनशेची वस्तू कूपन लावून दीडशेला घेतली असेल तर परत दीडशेच येणार, आणि पन्नास कमी आले म्हणून भांडायला जाल तर वेळ फुकट. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरची कन्व्हिनियन्स फी परत मिळत नाही, ती आधीच वजा करा. डिलिव्हरी चार्ज परत मिळतो की नाही हे रिटर्न पॉलिसीत असतं, तेही बघून घ्या.

मग तीन प्रश्न.

एकदाच गेलेत की दर महिन्याला जातायत? एखाद्या अ‍ॅपचे ४९ रुपये महिन्याला कटत असतील तर प्रकरण ४९ चं नाही, वर्षाला ५८८ चं आहे. इथे रिफंड नंतर बघा, आधी यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून ते मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची दिलेली परवानगी, रद्द करा. लोक महिनाभर मागचे ४९ मागत बसतात आणि तेवढ्यात पुढचे ४९ जातात.

पैसे खात्यात येणार की वॉलेटमध्ये? 'क्रेडिट देतो' म्हणाले आणि तुम्ही तिथून पुन्हा काही घेणार नसाल तर त्याची किंमत शून्य धरा. नेहमी घेत असाल तर पूर्ण धरा आणि खुशाल घ्या, तो रस्ता बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

वस्तू परत द्यायचीये का? असेल तर पॅकिंग, पिकअपला घरी थांबणं, कुरिअर स्वतः करायला लावलं तर त्याचे पैसे, हे सगळं खर्चात येतं. मी नेमकं हेच धरलं नव्हतं.

तपासा: खाली एकच आकडा लिहिलेला हवा. 'साधारण दोनशे' असं नको.

२. जागेवर मिळत असतील तर आत्ताच मागा

लहान रकमेचं असं आहे की समोर माणूस असताना ती अर्ध्या मिनिटात मिळते आणि तुम्ही तिथून हललात की तिची किंमत संपते. स्टेशनवरची एक लिटरची रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली. स्टॉलवाला सरळ वीस मागतो, आणि 'सुट्टे नाहीत' म्हणतो. बाटलीवरची एमआरपी त्याला बोटाने दाखवायची आणि हात पुढे करून उभं राहायचं, बहुतेक वेळा सहा रुपये निघतात. नाही निघाले तर १३९ वर रेल मदतला तक्रार करता येते, पण गाडी सुटल्यावर सहा रुपयांसाठी ती करायची का, हे पाचव्या पायरीवर ठरवा.

हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज तसाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा बिल आलं की पैसे देण्याआधी 'हा काढून द्या' म्हणायचं. कार्ड स्वाइप झाल्यावर घरी जाऊन मेल लिहिण्यात मजा नाही. आणि हो, जीएसटी वेगळा, तो काढा म्हणून भांडू नका, हे मी एका वाढदिवसाला समोरच्या टेबलावर बघितलंय आणि त्या माणसाची बायको अक्षरशः मेनूकार्डमागे तोंड लपवून बसली होती.

३. आपोआप येणारे पैसे वेगळे काढा

लोक सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतात. जे पैसे काहीही न करता येणार आहेत त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, आणि जे आपोआप कधीच येणार नाहीत त्यांची वाट बघत महिना घालवायचा.

पैसे खात्यातून गेले पण व्यवहार फेल झाला, अशा प्रकरणांसाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, त्यात मुदती ठरवून दिल्यात. व्यवहाराचा दिवस सोडून पुढचे दिवस मोजायचे:

यूपीआय किंवा आयएमपीएसने कोणाला पाठवले, तुमचे कटले, समोर गेले नाहीत: १ दिवसात परत.
यूपीआयने दुकानात भरले, तुमचे कटले, दुकानदाराला कन्फर्मेशन आलं नाही: ५ दिवसांत परत.
एटीएममधून पैसे निघाले नाहीत पण खात्यातून गेले: ५ दिवसांत परत.
दुकानातल्या मशीनवर कार्ड स्वाइप केलं, कटले, पण तिथे कन्फर्म नाही: ५ दिवसांत परत.

मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती बँकेने तक्रारीची वाट न बघता स्वतःहून जमा करायची असते. हे वाक्य दोनदा वाचा, कारण यानेच सगळा हिशोब फिरतो. समजा १ तारखेला भावाला ५०० पाठवले, ते अडकले आणि १० तारखेला परत आले. २ तारखेपर्यंत यायला हवे होते, म्हणजे ८ दिवस उशीर, ८०० रुपये. अडकलेले ५००, भरपाई ८००. बहुतेक जण ५०० परत आले की 'सुटलो बाबा' म्हणून विषय संपवतात आणि भरपाई जमा झालीये का ते बघतही नाहीत.

म्हणजे या प्रकारात करायचं काय, तर मुदतीच्या तारखेला मोबाइलमध्ये रिमाइंडर लावायचा आणि गप्प बसायचं. त्या तारखेला नाही आले तर दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमधून त्याच व्यवहारावर तक्रार टाकायची.

थांबा: हा १०० रुपयांचा नियम फेल व्यवहाराला आहे. वस्तू खराब निघाली, चुकीची आली, ऑर्डर तुम्ही रद्द केली, यात पैसे व्यवस्थित पोचलेले असतात आणि परत द्यायचे दुकानदाराला. तिथे बँकेला 'रोजचे शंभर द्या' म्हणून काही उपयोग नाही. चुकीच्या नंबरला पाठवलेले पैसेही यात बसत नाहीत, कारण ते फेल नाही, यशस्वी झालेत, फक्त भलत्याकडे.

अजून एक नेहमीची गडबड. दुकानात पेमेंट फिरत राहतं, दुकानदार म्हणतो 'नाही आले', आपण घाईत दुसऱ्यांदा करतो आणि नंतर दोन्ही जातात. दुसऱ्यांदा करण्याआधी आपली यूपीआय हिस्ट्री उघडून बघा. 'पेंडिंग' दिसत असेल तर जमल्यास रोख द्या. दोन्ही गेलेच तर पैसे दुकानदाराकडे आहेत, बँकेकडे नाहीत, त्यामुळे मागायला दुकानातच जा, आणि त्याच दिवशी जा.

रेल्वेचं थोडक्यात: ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे येतात, काही करावं लागत नाही. पण गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट आहे आणि तुम्ही जाणारच नाही, तर तिथे टीडीआर (रिफंडसाठीचा रेल्वेचा अर्ज) भरावा लागतो आणि तोही गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत. घरी येऊन, जेवून, रात्री भरू म्हणाल तर गेलं.

४. पुरावा दहा मिनिटांत एका जागी

कोणालाही फोन करायच्या आधी हे करा, कारण पुरावा नसेल तर पुढच्या पायरीत शक्यता एकदम खाली येते आणि मग बऱ्याचदा सोडलेलंच बरं.

लागणाऱ्या गोष्टी: ऑर्डर नंबर किंवा बिल, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, त्यातला यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, यूपीआयला तो बारा आकडी असतो, व्यवहाराच्या तपशिलात खाली सापडतो), वस्तूचा फोटो आणि आधीचं काही चॅट असेल तर तेही. वस्तू चुकीची असेल तर फोटो असा काढा की चूक न सांगता दिसावी. मी नुसत्या रिंगचा फोटो पाठवला होता. गोल काळी रिंग! त्यावरून समोरच्या पोरीला ती तीन लिटरची की पाच लिटरची काय कळणार, मलाही कळलं नसतं. कुकरच्या झाकणावर ती ठेवून, बाजूला पाकिटावरचा छापील आकार दिसेल असा एकच फोटो काढला असता तर कदाचित पहिल्या चॅटमध्येच काम झालं असतं.

सगळं एका फोल्डरमध्ये टाका, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा.

थांबा, हे महत्त्वाचं: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे फ्रॉडवाल्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात, आणि 'रिफंड करून देतो' म्हणत ते स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकायला लावतात किंवा काहीतरी बहाणा करून यूपीआय पिन टाकायला लावतात. नंबर घ्यायचा तो अ‍ॅपच्या आतला, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकवरचा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. १८९ परत मिळवताना १८ हजार घालवायची ही सगळ्यात सोपी वाट आहे. फसलातच तर लगेच १९३०, सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन, तिथे मात्र एक मिनिटही हिशोब करत बसू नका.

५. आता हिशोब, आणि तो राग शांत झाल्यावर

सोपं गणित आहे. हातात येणारा महिन्याचा पगार भागिले २०८ (२६ दिवस, रोज ८ तास). ३२ हजार येत असतील तर तासाला साधारण १५४, म्हणजे मिनिटाला अडीच रुपये धरा. धंदा असेल तर महिन्याला जे उरतं ते घ्या. घर सांभाळणाऱ्यांनी 'माझा वेळ काय, फुकटच आहे' असं अजिबात म्हणू नये, तेवढ्या वेळाला बाई लावली तर किती द्याल तो दर धरा.

मग अडकलेल्या रकमेला मिळायच्या शक्यतेने गुणा. शक्यतेचे माझे अंदाज, आठ-दहा वर्षांच्या माझ्याच अनुभवावरून, शास्त्र नाही: 'रिफंड सुरू केलाय' असं कंपनीने लिहून दिलंय पण आले नाहीत, तर दहात नऊ. चूक फोटोत सरळ दिसतेय, तर दहात सहा-सात. फक्त तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा, तर दहात तीन. इन्स्टाग्रामवरच्या कोणत्यातरी पेजवरून ड्रेस घेतला आणि आता पेजच दिसत नाही, तर दहात एक, आणि तेही मी मन मोठं करून म्हणतेय.

माझी रिंग घ्या. १८९ गुणिले दहात सहा म्हणजे ११३. भागिले मिनिटाला अडीच, म्हणजे ४५ मिनिटं. मला त्या रिंगवर ४५ मिनिटं घालवायची परवानगी होती. घालवली १९५. तेच साधारण ४९० रुपये, वर हाफ डे ६१५ रुपयांचा. अकराशे रुपयांचा मसाला आणि कोंबडी १८९ ची.

आता यात दोन-तीन खाचाखोचा आहेत, नुसता आकडा धरून चालत नाही.

पहिली, सगळी मिनिटं सारखी नसतात. फोन स्पीकरवर टाकून मटार सोलत होल्डवर थांबले तर ते मिनिट पावभागच धरा, लोकलमध्ये बसून मेल लिहिला तर शून्य. उलट मला फोनवर भांडण झालं की नंतर तासभर काही सुचत नाही, पोरावर उगाच ओरडते, म्हणून फोनची मिनिटं मी दुप्पट धरते. तुमचं तुम्हाला माहीत.

दुसरी, माणसागणिक दर बदलतो. आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या खात्यातून एकदा १७ रुपये ७० पैसे गेले, एसएमएसचा चार्ज, पंधरा अधिक जीएसटी. त्यांनी ती सेवा बंद करायचा अर्ज आधीच दिला होता आणि पोच जपून ठेवली होती. तीन चकरा मारल्या बँकेत. रिक्षाने गेले असते तर दोनशे-अडीचशे रुपये गेले असते, पण ते सकाळच्या फिरण्यातच जाऊन यायचे, सोबत कुलकर्णी काका, येताना चहा. तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले आणि पासबुकवरची ती ओळ त्यांनी आम्हाला जेवताना दाखवली. त्यांच्या हिशोबात हा व्यवहार चक्क नफ्यात आहे. मी तोच केला असता तर तोटा.

तिसरी खाच म्हणजे 'पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे'. हे वाक्य प्रत्येक मराठी घरात महिन्यातून एकदा होतंच आणि ते खोटं नसतं. पण तत्त्वासाठी जायचं तर तसं कबूल करून जा, रिफंडच्या नावाखाली नको. मी आता वर्षाला दहा तास तत्त्वाच्या खात्यात ठेवलेत. एखादं प्रकरण हिशोबात बसत नाही पण डोक्यातून जात नाही, तर त्यातले दोन तास काढते. दहा संपले की संपले. गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगच्या पावतीवरच सहा गेले, तो विषय वेगळा.

तपासा: कागदावर आता रक्कम, शक्यता आणि परवानगीची मिनिटं, असे तीन आकडे हवेत. मिनिटं पंधराच्या खाली आली तर सरळ आठव्या पायरीवर जा.

६. मर्यादा आधी लावा, मग फोन उचला

मिनिटं ठरली की ती कुठे कुठे खर्च करायची तेही ठरवा. ४५ असतील तर: दहा पुराव्याला, पंधरा चॅटला, दहा मेलला, दहा राखीव. प्रत्येक वेळी किती गेली ते त्याच कागदावर लिहीत जा. अघोरी वाटतं, पण नाही लिहिलं तर 'आता एवढं केलंच आहे तर अजून एक फोन' हे सुरू होतं, आणि आपण बुडतो ते तिथेच. गेलेला वेळ परत येत नाही, त्यामुळे तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. विचार फक्त एवढाच करायचा की यापुढे अजून किती मिनिटं लागतील आणि शक्यता आता किती उरलीये.

समोरून काही नवीन आलं, म्हणजे त्यांनी लेखी मान्य केलं किंवा तारीख दिली, तरच मर्यादा वाढवायची. राग वाढला हे कारण चालणार नाही.

७. पायऱ्या स्वस्तातल्या आधी

फोन सगळ्यात महाग असतो. तो होल्डवर ठेवतो, पुढच्या वेळी दुसराच माणूस येतो आणि काय ठरलं त्याचा लेखी मागमूस नाही. म्हणून फोन शेवटाकडे.

अ. अ‍ॅपमधलं रिटर्न किंवा 'हेल्प'चं बटण. यात कारण निवडताना घाई करू नका. 'चुकीची वस्तू आली' आणि 'आवडली नाही' यातलं दुसरं चुकून निवडलं तर पुढे सगळा वाद तुमच्याच उत्तरावर अडतो. रिटर्नची मुदत किती दिवसांची आहे ते आत्ताच बघा, दिवाळीत पाकीट आठ-आठ दिवस न उघडता पडून राहतं आणि मुदत संपते.

आ. चॅट. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं. 'हॅलो, कोणी आहे का' ने सुरुवात केली की दहा मिनिटं नमस्कार-चमत्कारातच जातात. शेवटी तक्रार क्रमांक मागा आणि चॅट बंद करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा.

इ. तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकालात काढायची. बहुतेक जणांना हा पत्ता माहीतच नसतो, साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. मेल एवढाच पुरे:

'ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक. पाच लिटरच्या कुकरची रिंग मागवली, तीन लिटरची आली, फोटो जोडला आहे. १८९ रुपये यूपीआयने भरले, यूटीआर अमुक. तक्रार क्रमांक अमुकवर अमुक तारखेला रिटर्न मान्य झालं, पिकअप झालं नाही. पिकअप अमुक तारखेला संध्याकाळी सातनंतर करावं किंवा पिकअपशिवाय रिफंड द्यावा. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.'

बस. तुमचं मन किती दुखावलं, तुम्ही किती वर्षांचे ग्राहक आहात, हे काही नको. काय हवंय आणि कधीपर्यंत, ते मात्र हवंच. लोक दोन पानं लिहितात आणि शेवटी मागणीच विसरतात.

ई. १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, ऑनलाइनही नोंदवता येते. हे कोर्ट नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. पुरावा तयार असेल तर वीसेक मिनिटांचं काम. दोनशे-तीनशेच्या रकमेला इथपर्यंत येणं परवडतं, पण कंपनीला आधी लिहिल्याशिवाय येऊ नका, पहिला प्रश्न तोच विचारतात.

उ. बँकेचा विषय असेल तर वाट वेगळी. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही. बँकेला न लिहिता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते आणि पुन्हा पहिल्यापासून. कार्डाने भरलेले असतील आणि वस्तूच आली नसेल तर बँकेला चार्जबॅक (बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत घेणं) मागता येतो, त्याला ठरावीक दिवसांची खिडकी असते, म्हणून कंपनीच्या 'येतील, येतील' वर महिनोन्महिने बसू नका. फास्टॅगचा टोल दोनदा कटला असेल तर ज्या बँकेचा टॅग आहे तिथे तक्रार, नाहीतर १०३३, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन.

ऊ. जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत. वाचायला छान वाटतं. पण तारखांचा हिशोब करा, एका तारखेला एक दिवस, म्हणजे वरच्याच पगाराने बाराशे रुपये. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर दोन तिकिटांचे ७० ऐवजी ९० घेतले, ते २० रुपयांसाठी ग्राहक मंचात गेले आणि निकाल लागला २०२२ मध्ये. २० रुपये वर्षाला १२ टक्के व्याजाने, वर १५ हजार. शंभराच्या वर तारखा झाल्या होत्या. ते स्वतः वकील, त्यांच्याकडे तत्त्वाचं खातं भलं मोठं. तुम्ही दोनशे रुपयांसाठी इथे येत असाल तर वीस वर्षांची मानसिक तयारी नको, पण निदान पाच-सहा सुट्ट्या शिल्लक आहेत का ते बघा.

तपासा: प्रत्येक पायरीनंतर नंबर आणि तारीख कागदावर आली का? नसेल तर ती पायरी झालीच नाही असं समजा.

८. सोडायचं तर नीट सोडा

सोडणं हेही एक काम आहे, पाच मिनिटांचं. 'बघू नंतर' म्हणून लटकत ठेवलेलं प्रकरण सोडलेलं नसतं, ते दर आठवड्याला आठवतं आणि फुकट वेळ खातं.

ऑटोपे आणि साठवलेलं कार्ड त्या अ‍ॅपमधून काढा. फ्री ट्रायल सुरू असेल तर बंद करा. खरा, फोटोसकट रिव्ह्यू लिहा, तीन ओळींचा, शिव्या नकोत, पुढच्या माणसाला आकार चुकीचा येतो एवढं कळलं तरी पुष्कळ. चुकीची वस्तू कोणाच्या कामाची असेल तर देऊन टाका. माझी रिंग खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुकरला बसली, त्यांनी पैसे विचारले, मी नाही घेतले, दुसऱ्या दिवशी डब्यात चकल्या आल्या.

आणि एक विसरू नका, जे मी विसरले: रिटर्नची रिक्वेस्ट अ‍ॅपमधून रद्द करा. मी नवीन रिंग आणली, जुनी देऊन टाकली, विषय डोक्यातून काढला, आणि तेराव्या दिवशी रविवारी दुपारी दोन वाजता बेल वाजली. पिकअपवाला. त्याला द्यायला रिंग नव्हती, त्याच्याकडे रिटर्न फेल झाल्याचं कारण टाकायला पर्याय नव्हता, आणि आम्ही दोघं दारात उभे राहून पंधरा मिनिटं त्याच्याच फोनवर कस्टमर केअरच्या होल्डचं म्युझिक ऐकत होतो.